हात काढा

उदयन इनामदारनं यंत्रातून माझा आवाज काढून टाकला. कारण काय, तर म्हणे तो उद्धट वाटतो.

वाटत असेलही. मी मिरजेची. माझे वडील, अण्णा, रेल्वेत शंटिंगचे जमादार होते. मागून इंजिन डबे ढकलत आणायचं, तेव्हा दोन डब्यांच्या मध्ये त्यांना जोडणाऱ्या कपलिंगशी झटणाऱ्या माणसाला ‘हात काढ!’ म्हणून ओरडण्यात त्यांची उभी हयात गेली. आमच्या घरात मीठ मागितलं तरी तिसऱ्या घरी ऐकू जायचं. तर आमचं ते यंत्र रुग्णाला लावण्याआधी माझ्या आवाजात तीन वाक्यं बोलायचं: “दागिने काढा. रुग्णाचे पाय खाटेच्या लोखंडाला लागू देऊ नका. नातेवाइकांनी हात काढा.” मगच बटण चालू व्हायचं.

यंत्र मी आणि उदयननं मिळून बनवलं होतं, पुण्यात. विजेची जोडणी माझी, वैद्यक त्याचं. आज राज्यातल्या प्रत्येक इस्पितळात ते आहे आणि लोक त्याला नुसतं ‘कोन’ म्हणतात. “आजीचा कोन किती आला?” असं विचारतात, तो हाच कोन.

तो समजायला फार शिकायला नको. घरातला छताचा पंखा कधी नुसताच घुं-घुं करत अडून बसतो. कुणीतरी काठीनं पातं ढकलतं, मग तो फिरतो. इलेक्ट्रिशियन येऊन सांगतो, “कंडेन्सर गेलाय.” तो बोटभर डबा म्हणजे धारित्र. घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलकावत असते. इस्त्रीसारख्या नुसत्या रोधातून ती जाते, तेव्हा विजेचा दाब आणि प्रवाह बरोबरीनं चढतात, बरोबरीनं उतरतात. धारित्रात तसं होत नाही. त्याच्या पट्ट्या रिकाम्या असतात तेव्हा प्रवाह मुसंडी मारून आत घुसतो. दाब मात्र भार साठेल तसतसा मागाहून चढतो आणि तो शिगेला पोचतो तेव्हा प्रवाह थांबलेला असतो. प्रवाह पुढे, दाब मागे. एक पूर्ण हेलकावा म्हणजे तीनशेसाठ अंश धरले, तर हे अंतर नव्वद अंशांचं. यालाच कलांतर म्हणतात. पंख्यात दोन वेटोळी असतात. डब्यामुळे एकातला प्रवाह दुसऱ्याच्या पुढे पळतो आणि त्या मागेपुढे होण्यानंच पात्याला फिरायची दिशा मिळते.

रोध आणि धारित्र दोन्ही एका मार्गात आले, की अंतर शून्य आणि नव्वदच्या मध्ये कुठेतरी पडतं. रोधाचा वाटा मोठा असेल तर कोन लहान, धारित्राचा वाटा मोठा असेल तर कोन मोठा. हेलकाव्यांचा वेग बदलला तरी कोन बदलतो, म्हणून तो वेग आम्ही कायमचा ठरवून टाकला.

आता माणूस घ्या. अंगातलं खारं पाणी हा रोध. प्रत्येक पेशीभोवतीचं पातळ आवरण हे इवलंसं धारित्र. हाताला दोन आणि पायाला दोन चिकटपट्ट्या लावायच्या, सेकंदाला पन्नास हजार हेलकावे घेणारा, कळणारसुद्धा नाही इतका बारीक प्रवाह सोडायचा आणि दाब किती अंश मागे राहतो ते मोजायचं. सहा-सात अंश आले तर पेशी धडधाकट. आवरणं विरायला लागली की भार साठेना होतो आणि कोन घसरतो. डॉक्टर पूर्वीही हा कोन बघत, पण दहा तपासण्यांतली एक म्हणून. मग साथीची ती दोन वाईट वर्षं आली, आयसीयूच्या खाटांसाठी मारामाऱ्या झाल्या आणि सरकारला एक आकडा हवा झाला. उदयननं तो दिला. साडेतीन. त्याच्या खाली कोन असेल तर आयसीयू नाही, रुग्णाला घरी न्यावं आणि सेवा करावी. भांडणं नकोत म्हणून पुढे एक ओळ: एकच रीडिंग, तेच अंतिम. उदयन समितीचा अध्यक्ष झाला. उंटावरून शेळ्या हाकण्यात तो पहिल्यापासून पटाईत होता.

माझी तीन वाक्यं त्यानं नियम आल्यावर लगेच काढली. नर्सेसचा वेळ जातो म्हणाला. वर म्हणाला, “पद्मजा, माणूस आईच्या पायावर हात ठेवून बसलेला असतो. त्याला यंत्र ‘हात काढा’ म्हणतं. बरं दिसतं का ते?”

“बरं दिसायला नाही ठेवलंय ते,” मी म्हटलं. “आपल्याकडे वॉर्डात चपला बाहेर काढतात. फरशी सतत पुसलेली, ओली. अनवाणी माणसानं रुग्णाचा पाय धरला की थोडा प्रवाह त्याच्या हातातून, त्याच्या पायातून फरशीत उतरतो. जो प्रवाह वाटेत गळला तो रुग्णाच्या हिशेबात चुकीचा धरला जातो आणि कोन भलताच खाली दिसतो. धडधाकट माणूस मरायला टेकल्यासारखा दिसेल.”

“पत्रक काढू नर्सेससाठी,” तो म्हणाला. काढलं नाही.

आईला न्यूमोनिया झाला तेव्हा मी नागपुरात यंत्रं तपासत होते. अण्णांनी तिला मिरजेच्या इस्पितळात नेलं. कोन आला तीन पूर्णांक एक. नियमाप्रमाणे तिला ॲम्ब्युलन्सनं घरी पाठवलं. मी पोचले तेव्हा अंगणात लोक जमले होते.

दहाव्याचं आटोपल्यावर अण्णा ओसरीवर बसले होते. रडून रडून त्यांचा तो खणखणीत आवाज पार बसला होता. मी चहा दिला, तेव्हा म्हणाले, “पदू, एवढं एक बरं झालं बग. म्या तिला एकटी सोडलं न्हाई. ते यंत्र लावलं तवाबी पाय धरून हुतो. गार पडलं हुतं गं पाय तिचं. चोळत बसलो. त्या शिस्टरनंबी मला उठवलं न्हाई, भली बाई.”

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. अण्णा बोलतच होते. सगळ्या जन्मात बायकोचे पाय धरायची वेळ आली नाही, शेवटी तेवढी सेवा घडली, असं काहीतरी. मला पुढचं ऐकू आलं नाही.

पुण्याला परतल्यावर मी प्रयोगशाळेत स्वतः खाटेवर झोपले, फरशी पुसून घेतली आणि एका सहकाऱ्याला अनवाणी उभं करून माझा पाय धरायला लावला. माझा साडेसहाचा कोन चारच्या खाली उतरला. आई वाचली असती असं मी म्हणत नाही. तिला खाट मिळाली असती, एवढं मात्र शपथेवर सांगते.

मी तशीच उदयनच्या खोलीत गेले. मला वाटलं होतं, तो हादरेल. त्यानं चष्मा पुसला.

“हे आम्हाला माहीत आहे,” तो म्हणाला. “गेल्या वर्षीच लक्षात आलं. फार केसेस नसाव्यात.”

“मग वाक्यं परत घाल.”

“परत घातली तर लोक विचारतील, काढली कुणी.” आणि मग तो हळूच म्हणाला, “तुझ्या आईचं ऐकून वाईट वाटलं. पण तू जाहीर बोलायचं ठरवलंस, तर काय सांगशील? कुणाचा हात होता ते सांगावं लागेल.”

त्याला नेमकं माहीत नव्हतं, अंदाजानं दगड टाकला होता. पण लागला बरोबर. हात कुणाचा ते सांगितल्याशिवाय काही सिद्ध करता येत नव्हतं आणि सांगितलं तर अण्णा संपले असते. ज्या एका आठवणीच्या आधारावर ते रोज अर्धी भाकरी खात होते, तीच आठवण मी त्यांच्यासमोर विष म्हणून धरायची? मी नोकरी सोडली आणि मिरजेला अण्णांजवळ राहायला आले. यंत्रं तपासण्याचं सरकारी काम मिळालं. जिल्ह्यातली सगळी.

रोध आणि धारित्रात आणखी एक फरक आहे. रोध मिळालेली ऊर्जा खाऊन टाकतो, तापतो आणि निवतो. धारित्र काहीच खात नाही. या खेपेला जेवढं घेतं, तेवढं पुढच्या खेपेला परत करतं. माझ्या ओळखीची बरीच माणसं राग आला की तापतात, भांडतात, मोकळी होतात. मी मोकळी झाले नाही. मी रोज सकाळी अण्णांना भाकरी वाढत होते आणि मनात उदयन इनामदारला खाटेवर आडवा पाहत होते.

आणि एक दिवस तो खरंच आडवा झाला, तोही मिरजेत.

इस्पितळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला साहेब आले होते. अंगात ताप घेऊनच आले, भाषण करताना हुडहुडी भरली आणि व्यासपीठावरच कोसळले. रक्तात जंतू पसरले होते. इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर शिरगावे यांचा मला अकराच्या सुमाराला फोन आला.

“मॅडम, ताबडतोब या. साहेबांचा कोन तीन पूर्णांक दोन आलाय. यंत्र बिघडलंय की काय ते बघा. बिघडलं असेल तरच रीडिंग पुन्हा घेता येतं.”

मी माझी पेटी घेतली. पेटीत एक रोध आणि एक धारित्र असतं, कोन बरोबर सहा येईल असं जुळवलेलं. पट्ट्या माणसाऐवजी पेटीला लावायच्या. यंत्रानं सहा दाखवले की यंत्र ठीक. जाताना रिक्षात मला हसू येत होतं, हे मी लपवणार नाही.

वॉर्डाच्या दाराशी चपला काढल्या. आत फरशी नुकतीच फिनेलनं पुसलेली. खाटेच्या पायथ्याशी एक पोरगी बसली होती, अनवाणी, डोळे सुजलेले. बापाचं पाऊल तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. उदयनची मुलगी, ईशानी. लहान असताना आमच्या प्रयोगशाळेत येऊन माझ्या टेबलावर चित्रं काढायची.

“रीडिंग घेतलं तेव्हा कुठे होतीस?” मी विचारलं.

“इथंच, मावशी. सोडलंच नाही बाबांना.”

यंत्राच्या पट्ट्या पेटीला लावल्या. सहा. पुन्हा लावल्या. सहा.

“यंत्र ठीक आहे,” मी शिरगाव्यांना म्हटलं.

“म्हणजे... तीन पूर्णांक दोन कायम?”

“नियम काय म्हणतो?”

शिरगावे खिडकीबाहेर बघू लागले. वर आयसीयूत एकच खाट रिकामी होती, दुपारनंतर ती दुसऱ्या रुग्णाला जाणार होती. मी तिथून निघून गेले असते तरी मला कुणी दोष दिला नसता. मी माझं काम चोख केलं होतं. त्याच्या यंत्रानं, त्याच्या नियमानं, त्याच्या मुलीच्या मायेनं तो मेला असता आणि मी घरी जाऊन जेवले असते. खरं सांगते, पायरीपर्यंत मी गेलेही होते.

पण त्यानं काही न कळता मरावं, हे मला परवडणारं नव्हतं. त्याला कळायला हवं होतं. मी परत फिरले, ईशानीला चहा प्यायला पाठवलं, शिरगाव्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि खाटेशी जाऊन उभी राहिले. उदयन शुद्धीत होता. श्वास लागला होता, पण डोळे तेच, हिशेबी.

“ईशानीनं पाय धरला होता,” मी म्हटलं. “फरशी ओली आहे.”

त्याला लगेच समजलं. “पुन्हा घे,” तो पुटपुटला.

“एकच रीडिंग, तेच अंतिम. अक्षर तुझं आहे.”

“पद्मजा, मी मरेन.”

“माझी आईही असंच म्हणाली असेल. तिचं ऐकायला तिथं कुणी नव्हतं. माझे अण्णा तिचे पाय चोळत बसले होते, ईशानीसारखेच, आणि तुझ्या यंत्रानं त्यांना उठ म्हटलं नाही. तू ते वाक्य काढलंस, कारण ते उद्धट वाटत होतं! त्या म्हाताऱ्याला अजून माहीत नाही की त्याच्याच हातानं...” इथं मी थांबले. नको ते बोलून बसले होते. माझ्यात राग आधी धावतो, अक्कल मागून येते.

तो कोपरावर रेटून थोडा उठला. मग म्हणाला, “तुला काय हवंय?”

“अध्यक्षाला नियम स्थगित करता येतो. समितीला आत्ता जोडून घे, बाहेर चॅनेलवाले उभे आहेत, त्यांच्यासमोर बोल. सूचना मी काढल्या, त्यामुळे रीडिंग चुकतात, मला वर्षभर माहीत होतं. दागिन्यांचं सांग, लोखंडी खाटेचं सांग. हातांचं नाव काढायचं नाही. एवढं केलंस तर मी रीडिंग पुन्हा घेईन.”

“ठीक आहे,” तो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

समिती पडद्यावर आली. चॅनेलवाले कॅमेरे घेऊन दारात दाटले. उशीला टेकून उदयन बोलायला लागला आणि मरणाच्या दारातही त्यानं आवाज असा लावला, की जणू पुरस्कारच घेतोय.

“मित्रहो, यंत्र निर्दोष आहे. आत्ताच तपासलं गेलं. दोष आहे तो नातेवाइकांच्या हातांचा. आपली माणसं भाबडेपणानं रुग्णाला धरून बसतात आणि त्या स्पर्शानं रीडिंग बिघडतं. इथं मिरजेतच एका म्हाताऱ्यानं बायकोचे पाय धरून ठेवले आणि त्या माउलीची खाट गेली. अशा दुर्दैवी घटना टाळण्यासाठी मी नियम स्थगित करतो आणि जनजागृतीची मोहीम...”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. सूचना कुणी काढल्या, याबद्दल एक अवाक्षर नाही. मी ओरडले, “खोटं बोलतोय हा!” पण समितीनं टाळ्या वाजवल्या आणि शिरगाव्यांनी घाईघाईनं पट्ट्या लावल्या. हातांशिवाय कोन आला पाच पूर्णांक तीन. त्याला वर नेलं.

दारात ईशानी उभी होती. हातात चहाचे दोन कागदी कप. तिनं सगळं ऐकलं होतं. कप तिनं जमिनीवर ठेवले आणि स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघायला लागली. ज्यापासून मी अण्णांना जपलं होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या माणसानं स्वतःच्या पोरीलाही सोडलं नव्हतं.

मी घरी धावले. उशीर झाला होता. टीव्ही बंद होता, रिमोट अण्णांच्या मांडीवर.

“अण्णा...”

“मिरजेतला म्हातारा,” ते म्हणाले. “म्याच न्हवं का?”

मला खोटं बोलता आलं नाही. त्या दिवसापासून अण्णा दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायला लागले. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत राहायचे. मी घास भरवला तर दोन घेत, तिसऱ्याला मान फिरवत. राज्यभर हेच चाललं असणार. किती घरांत किती माणसं आपापले हात बघत बसली असतील, कोण जाणे. आणि तो तिकडे बरा होत होता. मी त्याला मरू द्यायला हवं होतं, असं मला रोज वाटलं. आजही कधीकधी वाटतं.

मी गप्प बसले नाही. आता लपवायचं काय उरलं होतं? माझ्या मूळ आवाजाची ध्वनिफीत, ती काढल्याची तारीख, सगळं चॅनेलवाल्यांना दिलं. बातमी आली, दोन दिवस गाजली, इनामदारनं ‘तांत्रिक सुधारणा’ म्हणून झटकून टाकली. समितीनं मात्र दोन गोष्टी केल्या: पुढचं ठरेपर्यंत प्रत्येक रीडिंगच्या वेळी खोलीतला आवाज यंत्रात नोंदवायचा आणि सूचना पुन्हा बसवायच्या. ते काम यंत्र तपासनिसांच्या गळ्यात पडलं. मूळ सूचना माझ्या होत्या, म्हणून राज्यभर जाणारी फीत मीच बनवायची ठरलं.

मग एका सकाळी बघते तर अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपी डोक्यावर ठेवून तयार.

“चल,” म्हणाले. “त्या इनामदारास्नी बगाय जायचंय.”

“कशाला?”

“आजाऱ्याला बगाय कशाला जात्यात?”

मला वाटलं, हे त्याला मारणार. मी अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तेच हवं होतं.

इनामदारला त्या दिवशी घरी सोडणार होते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो उशीला टेकून पेपर वाचत होता. नर्स शेवटच्या रीडिंगसाठी पट्ट्या लावत होती. यंत्र चालू होतं, सूचना त्यात अजून बसलेल्या नव्हत्या. ईशानी खिडकीपाशी उभी होती, खाटेपासून लांब, हाताची घडी घालून. अण्णांनी दाराशी चपला काढल्या, पुसलेल्या फरशीवरून चालत गेले, पायथ्याशी बसले आणि दोन्ही हातांनी इनामदारचं पाऊल धरलं. कितीतरी दिवसांनी ते हात मांडीखालून बाहेर आले होते.

“कोण आपण?” इनामदारनं पेपर खाली घेतला. मग त्याला मी दिसले.

“टीवीत सांगितलंसा न्हवं, म्हातारा म्हणून,” अण्णा म्हणाले. “त्यो म्या. शिस्टर, दाब बाई बटण.”

“सिस्टर, थांबा!” इनामदार म्हणाला. “आजोबा, पाय सोडा.”

“का म्हणून?”

“रीडिंग चुकेल.”

“कशानं चुकंल?”

इनामदारनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. “पद्मजा, यांना सांग.”

“मी सांगायचे,” मी म्हटलं. “तू बंद केलंस.”

“सायब,” अण्णा म्हणाले, “आठवा जरा. यंत्र लावायच्या आधी काय म्हणायचं असतंय? तेवढं म्हणा. मी लगी सोडतो.”

नर्स बटणावर बोट धरून उभी. इनामदारच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं पाय ओढून बघितला. तरुणपणी कपलिंगं आवळलेल्या पकडीतून तो काय सुटतोय!

“हात काढा,” तो पुटपुटला.

“ऐकू आलं न्हाई.”

“हात काढा!”

“इंजिन अंगावर येतंय सायब, असं म्हटल्यानं कोण ऐकंल?”

“हात काढा!” इनामदार ओरडला. आवाज फाटला. बाहेर पॅसेजमधल्या माणसांनी दारातून डोकावून पाहिलं.

अण्णांनी हात काढले.

“झालं,” ते म्हणाले. “एवढंच हुतं बगा. दोन शब्द. शंटिंगला मी ओरडलो न्हाई आन् एकाद्या पोराचा हात चेपला, तर सायेब मला बडतर्फ करायचा. मी म्हटलं असतं, हात माझा न्हवता, त्याचाच हुता, तर लोकांनी जोड्यानं हाणला असता मला.” मग ते खिडकीकडे वळले. “पोरी, इकडं बग. तुजा हात बी चुकला न्हाई आन् माजाबी चुकला न्हाई. आजाऱ्याचा पाय आपल्या मान्सानं धरायचा न्हाई तर कुनी धरायचा?”

ईशानी रडायला लागली. ती आली ती अण्णांच्या बाजूला येऊन बसली. इनामदारनं तिच्याकडे हात पुढे केला होता. तो तसाच राहिला.

नर्सनं बटण दाबलं. सहा पूर्णांक चार. इनामदार ठणठणीत झाला होता, अजून पुष्कळ वर्षं जगणार होता. त्याच्या बाबतीतली ही पहिली चांगली बातमी, जी ऐकून मला आनंद झाला.

घरी आल्यावर अण्णांनी हात धुतले, पाटावर बसले आणि आपल्या हातानं भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. सूचना बसवायच्या होत्या, आवाज कुणाचा घ्यायचा ते समितीनं लिहिलेलं नव्हतं. दागिन्यांचं वाक्य मी माझ्या आवाजात घातलं, खाटेचंही. तिसरं वाक्य मी त्या खोलीतल्या यंत्रात नोंदलं गेलेलं घेतलं, शेवटचं, फाटलेलं. इनामदारनं हरकत घेतली नाही. घ्यायची तर ते वाक्य त्यानं कुणासमोर आणि का ओरडलं, ते सांगावं लागलं असतं.

आता राज्यातल्या प्रत्येक वॉर्डात, दिवसातून कितीतरी वेळा, उदयन इनामदार ओरडतो. कुठल्यातरी बायकोचा, कुठल्यातरी पोराचा हात बाजूला होतो आणि मग कोन खरा येतो. परवा एका इस्पितळात यंत्र तपासायला गेले होते, तिथली नर्स म्हणाली, “मॅडम, हा शेवटचा आवाज बदला हो. फार उद्धट वाटतो.”

मी म्हटलं, “वाटू दे.”